बाराही राशी

“हे फोनचं बिल आपलं नाहीच,” मी म्हणाले. “दुसऱ्या कुणाचं तरी आपल्या माथी मारलंय.”

आप्पा खिडकीपाशी बसून दाढी करत होते. सत्तरी कधीच उलटली होती, तरी रोज दाढी, रोज इस्त्रीचा सदरा आणि रोज वर्तमानपत्रातल्या चुकांवर लाल पेन्सिल हा त्यांचा नेम चुकत नव्हता. आरशातली नजर न हलवता ते म्हणाले, “भरून टाक.”

“भरून टाक? अहो, एवढ्यात तुमचं वर्षाचं बिल भागतं!”

“मग यंदाचं भागलं असं समज.”

मी बघतच राहिले. भाजीवालीने सुटे पैसे कमी दिले म्हणून भर उन्हात परत मंडई गाठणारा हा माणूस. पैशाचं नाही गं, हिशोबाचं आहे, असं वर आम्हालाच सुनावणारा. तोच आज गालाला साबण फासून मला “भरून टाक” म्हणत होता. मला वाटलं, आई गेल्यापासून ह्यांनी सगळ्यातूनच लक्ष काढून घेतलंय. मग माझा राग आणखी वाढला. म्हाताऱ्या माणसाला कुणी विचारणारं नाही असं समजून लुबाडतात काय?

ही गोष्ट वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची. मोबाइल तेव्हा डॉक्टरांकडे आणि बिल्डरांकडेच असायचे. साताऱ्यात यादोगोपाळ पेठेतल्या दोन खोल्यांत आप्पा एकटे राहायचे. मी गावातच, एका सहकारी बँकेच्या वसुली विभागात. रोज सकाळी कामावर जाता जाता त्यांच्याकडे डोकावायची, डबा ठेवायची, दोन शब्द भांडायची आणि निघायची. भांडायला मला निमित्त लागत नाही असं आमच्याकडे म्हणतात. वसुलीत राहून माणूस गोड कसा होणार?

माझ्या पाठचा उल्हास मुंबईला. त्याचं आणि आप्पांचं बोलणं बंद होऊन सहा वर्षं झाली होती. आप्पांनीच त्याला सांगितलं होतं, “यापुढे इथे फोन करू नकोस.” त्यानंतर घरात त्याचं नावही निघत नसे. आई शेवटच्या आजारात होती तेव्हा तो तिला भेटायला सरळ दवाखान्यात यायचा, आणि तेवढ्या वेळात आप्पा खाली पायरीवर जाऊन बसायचे.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी टेलिफोन ऑफिस गाठलं आणि बिलाचा तपशील मागितला. त्यांनी लांबलचक कागद काढून हातात ठेवला. सगळे जादा पैसे एकाच नंबरवरच्या फोनचे होते. तो नंबर कसला, असं विचारल्यावर खिडकीतला माणूस म्हणाला, “ग्रहवाणी. फोनवर राशिभविष्य ऐकायचं. मिनिटाला पैसे पडतात त्याचे.”

मला तिथल्या तिथे हसू फुटलं. आप्पा आणि राशिभविष्य! शेटे सर म्हटलं की अख्ख्या जिल्ह्याला काय आठवतं? नारळातून करणी काढून दाखवणारे, उकळत्या तेलात हात घालणारे आणि मग त्यामागचं विज्ञान समजावून सांगणारे विज्ञानाचे सर. तीस वर्षं शाळेत शिकवता शिकवता दर रविवारी एसटीने गावोगाव फिरून ह्या माणसाने भगत आणि देवऋषी अंगावर घेतले होते. माझं लग्न जमवताना पत्रिका मागणाऱ्या दोन स्थळांना त्यांनी चहा पाजून वाटेला लावलं होतं. माझी केस तिथेच पक्की झाली.

तपशिलात आणखी दोन गमती होत्या. जवळजवळ रोज सकाळी एक मोठा फोन. त्या खिडकीतल्या माणसाने त्याचाही उलगडा केला. एकेक रास साधारण मिनिटभराची असते. एवढा वेळ लागतो म्हणजे ऐकणारा मेषपासून मीनपर्यंत बाराही राशी ऐकतोय. दुसरी गंमत म्हणजे मधेच एका आठवड्यात तीन दिवस नुसते छोटे छोटे फोन. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, पुन्हा पुन्हा. लावायचा आणि ठेवायचा, लावायचा आणि ठेवायचा.

“हे माणसाचं काम नाही,” मी म्हणाले. “तुमचं मशीन बिघडलंय, नाहीतर खांबावर कुणीतरी तार जोडलीय.”

“मग अदालतीत अर्ज करा,” तो म्हणाला.

बिलाच्या तक्रारी ऐकायला तेव्हा टेलिफोन अदालत भरत असे. कोर्ट वगैरे काही नसे. एक मोठा अधिकारी, दोन-चार मदतनीस आणि समोर खुर्च्यांवर आपापली बिलं घेऊन बसलेले आम्ही. मी रात्रीच अर्ज लिहून काढला आणि सकाळी आप्पांपुढे ठेवला. फोन त्यांच्या नावावर, म्हणून सही त्यांचीच लागणार होती.

त्यांनी चष्मा लावून अर्ज वाचला. मग लाल पेन्सिल उचलली.

“‘सदर फोन आमच्या घरातून झालेले नाहीत,’” त्यांनी मोठ्याने वाचलं. “तू दिवसभर इथे असतेस?”

“नाही.”

“मग तुला काय माहीत? माहीत नाही ते लिहू नये.” त्यांनी ते वाक्य खोडलं. त्याच्या खालचं खोडलं. तिसरंही खोडलं. शेवटी ‘सदर बिलाची चौकशी व्हावी’ एवढंच उरलं. त्याखाली त्यांनी सही केली.

मास्तरकी अंगात भिनलेली, दुसरं काय, असं म्हणून मी अर्ज पिशवीत टाकला. चौकशीत काय निघायचं ते निघेलच. पण साताऱ्यासारख्या गावात ‘शेटे सर लपून भविष्य ऐकतात’ ही बातमी फुटली असती तर? आयुष्यभर ज्यांची दुकानं आप्पांनी बंद पाडली त्या सगळ्यांनी पेढे वाटले असते. मला पैशापेक्षा त्याचीच धास्ती होती. आप्पांचं नाव स्वच्छ करून आणायचं आणि ती ग्रहवाणी त्यांच्या फोनवरून कायमची बंद करून घ्यायची, असं ठरवूनच मी अदालतीच्या दिवशी रजा टाकली आणि आप्पांनाही सोबत घेतलं.

अदालतीला पंचवीस-तीस माणसं होती. समोर जंगमसाहेब नावाचे अधिकारी बसले होते, सोलापूरकडून नुकतेच बदलून आलेले, शांत, पान खाणारे. त्यांच्या शेजारी फायली घेऊन लेखा विभागातले साबळे. आम्ही पुढे गेलो तसे साबळे खुर्चीतून उठलेच.

“सर! ओळखलं का? आठवी ब. तुम्ही मला डायनॅमो फिरवायला लावला होता, आणि बल्ब लागल्यावर मी घाबरून सोडून दिला.”

“साबळे. बारका साबळे,” आप्पा म्हणाले. “आता बारका राहिला नाहीस.”

लोक हसले. साबळ्यांनी वाकून नमस्कार केला आणि साहेबांना सांगितलं, “साहेब, अंधश्रद्धेच्या विरोधात ह्यांच्याएवढं काम ह्या जिल्ह्यात कुणी केलं नसंल. ह्यांना राशिभविष्याचं बिल लावलंय आपण.”

जंगमसाहेबांच्या चेहऱ्यावर जरा अवघडलेपण आलं. मी ती संधी सोडणार होते थोडीच?

“साहेब, माझा एकच प्रश्न आहे,” मी म्हणाले. “माणसाला रास एक असते. ज्याचा विश्वास आहे तो आपली एक रास ऐकेल. फार तर बायकोची ऐकेल. ज्याचा विश्वास नाही तो एकही ऐकणार नाही. रोज उठून बाराच्या बारा राशी ऐकणारा माणूस मला तुम्ही दाखवा! आणि हे तीन दिवस बघा. लावला, ठेवला, लावला, ठेवला. असं डोकं ठिकाणावर असलेला माणूस करतो का?”

मागच्या खुर्च्यांवरून कुणीतरी “बरोबर आहे” म्हणालं. मला चेव चढला. आप्पा माझ्या शेजारी मांडीवर हात ठेवून बसले होते आणि टेबलावरच्या फोनकडे बघत होते.

“युक्तिवाद चांगला आहे बाई तुमचा,” जंगमसाहेब म्हणाले. “साबळे, हे ग्रहवाणी काय प्रकरण आहे ते लावा बघू. मीही कधी ऐकलं नाही.”

साबळ्यांनी स्पीकर सुरू करून नंबर फिरवला. दोनदा वाजलं. मग खोलीभर आवाज घुमला.

“नमस्कार. ग्रहवाणीत आपलं स्वागत. आजचं भविष्य ऐकण्यासाठी आपली रास निवडा.”

माझ्या हातातली फाईल खाली पडली.

“अरे बापरे,” साबळे हसत म्हणाले, “सर, आवाज अगदी तुमच्यासारखा आहे की! वर्गात हजेरी घेताय असं वाटतंय.”

सगळे हसले. जंगमसाहेबही हसले. हसले नाहीत ते फक्त आम्ही दोघं.

उल्हासचा आवाज फुटला तेव्हापासून तो आप्पांसारखाच होता. घरी फोन आला आणि त्याने उचलला की लोक “नमस्कार सर” म्हणून बोलायला लागायचे, आणि तो चावटही मुद्दाम सरांसारखी उत्तरं द्यायचा. हाच आवाज घेऊन तो शाळेतली शिक्षकाची नोकरी सोडून मुंबईला गेला होता. नाटक करीन म्हणाला होता. नाटक काही जमलं नाही, मग जाहिरातींना आवाज द्यायला लागला. एकदा आप्पांचा कोरेगावला कार्यक्रम होता. भरल्या सभेत एका ताईतवाल्याच्या माणसाने टेपरेकॉर्डर लावला. ताईताची जाहिरात, आणि आवाज उल्हासचा. “सर, हे तुमचेच चिरंजीव ना?” आप्पा कार्यक्रम अर्धा टाकून परत आले होते. “इथे फोन करू नकोस” ते त्याच दिवशी.

साबळ्यांनी एकचं बटण दाबलं आणि मेष सुरू झाली. “आजचा दिवस उत्साहाचा. जवळच्या व्यक्तीकडून शुभवार्ता मिळेल.” मी आप्पांकडे बघितलं. त्यांनी मान किंचित एका बाजूला कलती केली होती. वर्गात एखाद्या अडखळणाऱ्या मुलाचं वाचन ऐकताना ते अशीच मान करायचे.

जंगमसाहेबांनी फोन बंद करायला सांगितलं.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “सरांचं नाव मोठं आहे आणि बाईंचं म्हणणंही पटण्यासारखं आहे. संशयाचा फायदा आपण ग्राहकाला देऊ. जादा रक्कम वजा करा. आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून ही सेवा ह्या नंबरवर कायमची बंद करून टाका. बाई, हेच हवं होतं ना तुम्हाला?”

हेच हवं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला भांडताना काय बोलावं ते सुचलं नाही.

“बंद करू नका,” आप्पा म्हणाले.

साबळ्यांचा पेन थांबला. “काय सर?”

आप्पा उभे राहिले. उत्तर देताना उभं राहायचं हे त्यांनीच आम्हाला शिकवलेलं. “रक्कम वजा करायची नाही. फोन मी केलेले आहेत. सगळे. पैसे भरतो. फक्त ती सेवा बंद करू नका.”

साबळ्यांचं तोंड असं झालं की मला आजही ते आठवलं की वाईट वाटतं.

“सर, तुम्ही... भविष्य ऐकता?”

“ऐकतो.”

“बाराही?” जंगमसाहेबांनी विचारलं.

“बाराही.”

मागून कुणीतरी बोललं, “वय झालं की भलेभले वळतात.” कुणीतरी खुसखुसलं. मी गर्रकन मागे वळले. ह्या सगळ्यांना आता ओरडून सांगावं, तुमच्या कानावर आत्ता कुणाचा आवाज पडला ते, असं माझ्या ओठावर आलं होतं. आप्पांनी माझं मनगट धरलं. जोरात नाही, पण धरलं. मग त्यांनी खाली वाकून माझी फाईल उचलली, साबळ्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “चुकीचा अर्ज आला. तुमचा वेळ गेला.”

बाहेर आल्यावर मी त्यांना रस्त्यापलीकडच्या रसवंतीत बसवलं.

“कधीपासून?” मी विचारलं.

“पेपरात जाहिरात आली होती. म्हटलं, एकाच दिवशी पेपरातलं भविष्य आणि फोनवरचं भविष्य घ्यायचं आणि दोन्ही शेजारी शेजारी छापायला पाठवायचं. लोकांनाच कळू दे.” त्यांनी रसाचा ग्लास नुसता धरून ठेवला होता. “फोन लावला तर हा. पहिल्या दिवशी मेष ऐकली आणि ठेवून दिला. फार चिडलो. ताईत झाला, आता भविष्य! दुसऱ्या दिवशी वाटलं, वृषभेत काय अकलेचे तारे तोडतो ते तरी बघू.”

“आणि बाराही कशाला?”

“एका दमात वाचून टाकतो गं तो, पाट्या टाकल्यासारखं. मेषेला आवाज खणखणीत असतो. सिंहेपर्यंत ठीक. धनूला खोकला दाबतो. आणि मीनेला त्याला दम लागतो. पूर्वी लागत नव्हता. गेल्या दोन महिन्यांत लागायला लागलाय. वाक्य मधेच तोडतो.” आप्पांनी माझ्याकडे बघितलं. “सिगरेट सुटली नसणार त्याची.”

मला ते तीन दिवस आठवले. लावला, ठेवला, लावला, ठेवला.

“आणि ते छोटे फोन?”

रस्त्यावरून एक ट्रक गेला, त्याचा आवाज विरेपर्यंत ते थांबले.

“त्या तीन दिवसांत दुसराच माणूस वाचत होता,” ते म्हणाले. “मला वाटलं, हा कुठे गेला? दुपारी तरी येईल, संध्याकाळी तरी येईल. कुणाला विचारू? चौथ्या दिवशी आला. आवाज बसलेला होता, पण आला.”

मला रडू आलं. रसवंतीवाला बघत होता, तरी आलं. त्या तीन दिवसांत मी रोज सकाळी डबा ठेवत होते आणि भाजीत मीठ कमी पडलं का म्हणून विचारत होते. आप्पा “ठीक आहे” म्हणत होते.

“अहो, मग त्यालाच सरळ फोन का नाही लावला?”

“कुठल्या तोंडाने? करू नकोस म्हणून मी सांगितलं. तो शब्दाला जागला. तेवढं मात्र माझं घेतलंन.” मग ग्लास खाली ठेवत, दुसरीकडे बघत म्हणाले, “तुझ्याकडे आहे नंबर. दर भाऊबीजेला बँकेतून लावतेस.”

हे त्यांना कसं माहीत ते मी विचारलं नाही. रसवंतीला लागूनच पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ होता. घरी पोचेपर्यंत हा माणूस पुन्हा दाढीच्या आरशात तोंड लपवेल ह्याची मला खात्री होती. मी त्यांचा दंड धरला आणि त्यांना सरळ त्या काचेच्या खोक्यात घातलं. मीही आत शिरले. दोघांना नीट उभंही राहता येईना. मी नंबर फिरवला.

“हॅलो?”

“उल्हास, मी शैलाताई.”

“ताई? आज अचानक?” आणि लगेच, घाबरून, “आप्पांना काही झालं का?”

“काही नाही झालं. थांब.”

मी रिसीव्हर आप्पांच्या कानाला लावला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि गप्प उभे राहिले. मुंबईहून उल्हास “हॅलो, हॅलो ताई” करत होता. एवढ्याशा खोक्यात मला त्याचा शब्दन् शब्द ऐकू येत होता. मला वाटलं, आता हे ठेवून देणार. लावला आणि ठेवला. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

“मीन राशीला तुला दम लागतो,” आप्पा म्हणाले.

“आप्पा?”

“मेषेला ठीक असतोस. मीनेपर्यंत दम लागतो. डॉक्टरला दाखवलंस का?”

उल्हास बोलला तेव्हा त्याचा आवाज ओळखू येत नव्हता, आप्पांसारखा तर अजिबात नव्हता. लहानपणी पडून आल्यावर असायचा तसा होता.

“आप्पा, लोक आपली एक रास ऐकतात आणि ठेवून देतात. इथे स्टुडिओतही मला कुणी हे बोललं नाही. हे कळायला बाराच्या बारा ऐकाव्या लागतात.”

“ऐकतो,” आप्पा म्हणाले. “रोज.”

मग दोघंही काही बोलले नाहीत. मीटरवरचे लाल आकडे पळत होते. बाहेरून बूथवाल्याने काचेवर टकटक केलं, “ओ ताई, बोलत न्हाईत तर ठिवा की, मागं मानसं थांबल्याती.” मी त्याला हातानेच थांब म्हटलं.